राव, वाजपेयी आणि आपला कापूस

भाऊ, तुमचा आक्षेप असा की मी नरसिंह रावांना अटलजींच्या पंगतीत बसवलं ते फक्त राव रामटेकचे खासदार होते म्हणून. अटलजींनी गावाला डांबरी रस्ता दिला, रावांनी काय दिलं, आणि लोक त्यांना विसरले यातच सगळं आलं, असं तुम्ही म्हणता.

रामटेकचा लळा म्हणाल, तर आमचं काटोल त्याच मतदारसंघातलं, पण राव इथे आसरा शोधत आले होते. 1984 च्या लोकसभेला ते आंध्रातल्या हनमकोंड्यातही उभे होते, तिथे भाजपकडून पडले. देशभरात भाजपला दोनच जागा मिळाल्या, त्यांतली एक हीच! त्याच निवडणुकीत अटलजीही ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून हरले. रावांना रामटेकनं तारलं, 1989 लाही निवडून दिलं. पंतप्रधान झाल्यावर मात्र पोटनिवडणूक लढले ती आंध्रातल्या नंद्यालहून. तेव्हा ऋण असलंच तर त्यांच्यावर आपलं.

रस्त्याचं तुमचं शंभर टक्के खरं. ग्राम सडक योजना 25 डिसेंबर 2000 ची, आणि काळ्या मातीत चाकापर्यंत रुतलेली बंडी ज्यानं ढकलली त्याला तिचं मोल सांगावं लागत नाही. पण त्याच रस्त्यानं पंचायत समितीच्या मीटिंगला निघालेली सरपंच बाई कुठून आली? 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, रावांच्या काळात. महिलांना एकतृतीयांश जागा तिनं दिल्या. (कल्पना राजीव गांधींची, हेही खरं.)

तुम्ही दोघांना आमनेसामने उभं करता, तिथेच माझं तुमच्याशी जमत नाही. 1994 ला काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हाला भारताची बाजू मांडायला रावांनी विरोधी पक्षनेत्या वाजपेयींना पाठवलं. अणुचाचणीची तयारी रावांकडे झाली, स्फोट 1998 ला अटलजींनी केला. कापसाचंही तसंच. जागतिक व्यापार करारावर सही रावांच्या सरकारची. आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं (बाहेरून किती माल आणायचा याची) 1 एप्रिल 2001 ला उठली ती अटलजींच्या काळात. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुक बदललेल्या वाणाला, परवानगी मार्च 2002 ची. कारखानदाराचं लायसन 1991 ला सुटलं, कोरडवाहू कास्तकाराला मात्र ना पाणी, ना भावाची हमी. यवतमाळ-अमरावतीच्या आत्महत्या कोणा एकाच्या खात्यावर मांडू नका, दोघांच्याही वह्या उघडा.

बाबरीबद्दल मी रावांची वकिली करणार नाही. 6 डिसेंबर 1992 ला देशाचा पंतप्रधान हातावर हात ठेवून बसला, याला उत्तर नाही. 2002 ची गुजरातची दंगल अटलजींच्या खात्यावर आहेच, ते तुम्ही मोजत नाही एवढंच.

आणि विसरण्याचं म्हणाल, तर अटलजींना मिरवणारा पक्ष आज सत्तेत आहे. रावांचं पार्थिव डिसेंबर 2004 मध्ये दिल्लीत त्यांच्याच पक्षाच्या मुख्यालयासमोर थांबलं आणि फाटक उघडलं नाही. अटलजींना भारतरत्न 2015 ला मिळालं, रावांना 2024 ला, तेही भाजपच्या सरकारनं दिलं. यात कोणाचं काम मोठं हे कुठे ठरतं, तेवढं मला सांगा.