जीभ कालीची की जॅगरची?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरत आला आणि त्याच संध्याकाळी माझ्या पुतण्याचा काळा टी-शर्ट फरशी पुसण्याच्या फडक्यांत जमा झाला. फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून आणलेल्या त्या टी-शर्टच्या छातीवर लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ होती, आणि धुऊन धुऊन त्या जिभेला भेगाही पडल्या होत्या. मजकुराचे म्हणणे असे की, रोलिंग स्टोन्स या इंग्रज बँडने हिंदूंची विटंबना करण्यासाठी कालीमातेची जीभ आपले चिन्ह म्हणून घेतली; हे चिन्ह सैतानाचा उपासक असलेल्या अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने काढले; पिंक फ्लॉइड या बँडचा त्रिकोण म्हणजे एका गुप्त संघटनेचा पिरॅमिड आहे; आणि बीटल्सनी गांधीजींना सिनेनटांच्या घोळक्यात उभे करून त्यांची थट्टा केली. शेवटी नेहमीप्रमाणे ‘दहा जणांना पाठवा’. थोरल्या वहिनींनी तो मजकूर दहा जणांना पाठवला आणि वर टी-शर्टही फाडला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कालीविषयीच्या आरोपातला एक धागा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. १९७० मध्ये स्टोन्सना युरोपच्या दौऱ्याच्या पोस्टरसाठी चित्रकार हवा होता. त्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टकडे विचारणा झाली आणि जॉन पॅश या विद्यार्थ्याकडे ते काम आले. पोस्टर पसंत पडल्यावर बँडचा गायक मिक जॅगर याने बँडचे चिन्हही त्यालाच करायला सांगितले आणि त्या वेळी कालीचे एक चित्र त्याच्यापुढे ठेवले. ही हकीकत पॅशने स्वतःच वेळोवेळी सांगितलेली आहे. मात्र त्याच माणसाने त्याच ओघात सांगितलेली पुढची गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळली. जॅगरला भेटल्यावर पॅशच्या नजरेत प्रथम भरले ते जॅगरचे भले मोठे तोंड आणि ओठ, आणि जीभ बाहेर काढणे त्याला भावले ते मोठ्यांना न जुमानणाऱ्या पोराची खूण म्हणून. आपल्याकडे याला वेडावून दाखवणे म्हणतात, आणि शिष्टाचार धाब्यावर बसवणारे म्हणून ख्याती असलेल्या त्या बँडची ओळख सांगायला वेडावण्याइतके नेमके दुसरे काही सुचले नसते.

ज्याला शंका असेल त्याने दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. कालीच्या प्रतिमेत मुंडमाळ आहे, खड्ग आहे, तिसरा डोळा आहे आणि पायाखाली शिव आहे; चिन्हात यातले काहीच नाही, इतकेच काय, चेहराही नाही. तिथे आहेत ते जाड, फुगीर, लिपस्टिक लावल्यासारखे चकाकणारे ओठ, वरच्या दातांची पांढरी ओळ आणि खाली लोंबणारी गुबगुबीत जीभ. शिवाय बंगालमध्ये लोक सांगतात की, शिवाच्या छातीवर पाय पडल्याचे ध्यानात येताच कालीने लाजेने जीभ चावली. टी-शर्टवरच्या त्या जिभेकडे पाहून लाज हा शब्द कोणाला आठवत असेल, असे मला वाटत नाही.

पॅशला या कामाचे आधी ५० पौंड आणि पुढे आणखी २०० पौंड मिळाले, आणि २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने मूळ चित्र लिलावात सुमारे ९२,५०० डॉलरना विकत घेतले. विटंबनेऐवजी फुकटच्या उचलेगिरीचा आरोप कोणी केला असता, तर मी इतक्या तावातावाने लिहायला बसलो नसतो.

वॉरहॉलचे नाव यात कसे घुसले, हे मात्र कळण्यासारखे आहे. ही जीभ प्रथम लोकांसमोर आली ती १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमबरोबर, आणि त्याच्या मुखपृष्ठाची कल्पना वॉरहॉलची होती: जीन्सचे छायाचित्र आणि त्याला खरीखुरी उघडणारी चेन. (ती चेन गठ्ठ्यातल्या शेजारच्या रेकॉर्डमध्ये रुतून तिची वाट लावू लागली, तेव्हा ती अर्धी उघडून माल पाठवायची युक्ती निघाली.) लोकांनी वेष्टन आणि जीभ एकाच माणसाच्या खात्यावर मांडली. राहिला सैतान, वॉरहॉल हा नेमाने चर्चमध्ये जाणारा कॅथलिक होता, एवढे पुरे.

पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा तो त्रिकोण म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला, प्रकाशाचे रंग वेगळे करणारा काचेचा लोलक. बँडच्या रिचर्ड राइटने काहीतरी साधे आणि ठसठशीत मागितले, हिप्नोसिस या संस्थेने कल्पना दिली आणि जॉर्ज हार्डीने ती रेखाटली. त्या रंगपटात पारवा गाळून सहाच रंग आहेत. गुप्त संघटनेने निदान रंग तरी मोजून घेतले असते. मूळ रेकॉर्डसोबत गिझाच्या खऱ्या पिरॅमिडांचे पोस्टर येत असे, पण मजकूर लिहिणाऱ्याला तेही ठाऊक नाही.

गांधीजींची गोष्ट तर उलटीच आहे. बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमच्या त्या गर्दीच्या मुखपृष्ठासाठी गांधीजींची प्रतिमा तयार केली होती, परंतु भारतात लोक दुखावतील या धास्तीने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख जोसेफ लॉकवुड यांनी ती काढायला लावली. छापील मुखपृष्ठावर गांधीजी नाहीतच. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने सुचवलेले परमहंस योगानंद आणि लाहिरी महाशय मात्र आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणाची तक्रार ऐकिवात नाही.

रागावायचेच असेल, तर अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा १९६७ चा ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ हा अल्बम काढून त्याचे मुखपृष्ठ पाहावे. विष्णूच्या विश्वरूपाचे बाजारात मिळणारे चित्र घेऊन त्यात हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवलेले आहेत, आणि तेही त्याला न विचारता. आपल्या अमेरिकन आदिवासी पूर्वजांशी नाते सांगणारे काही असते तर बरे झाले असते, असे त्याचे म्हणणे होते. खरी दुखरी जागा ही होती, आणि दहा जणांना पाठवायच्या त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही.