यम, जोकर आणि पाठीमागची चेन

सांगलीत राहणाऱ्या माणसानं कॉलेजात एकदा जरी एकांकिकेत काम केलं असेल तरी ते मरेपर्यंत कुणाला सांगू नये. मी सांगितलं. ते पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये, चहा-भडंग चालू असताना, आणि काम तरी काय होतं तर दोन नंबरचा हवालदार, वाक्य एकच, "साहेब, बॉडी सापडली". सेक्रेटरी काकांनी तेवढ्यावर वहीत लिहून टाकलं, गणपतीत बालनाट्य, दिग्दर्शक म्हणून माझं नाव.

वर त्यांचं भाषण, की १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते याच सांगलीत, मराठी नाटक इथं सुरू झालं आणि आपल्या पोरांना साधं पंधरा मिनिटांचं जमू नये का. अहो काका, भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे राजे पटवर्धन होते, माझ्या पाठीशी दोन हजार रुपये, त्यात माईकचं भाडं धरून.

पोरांना मी 'झाडे लावा झाडे जगवा' सुचवलं तर सहाच्या सहा जण माझ्याकडं असे बघायला लागले की मला माझ्याच वयाची लाज वाटली. त्यांना सुपरहिरो पाहिजे होते. ठीकाय. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन झाले, ए विंगमधली एक मुलगी, तिला सगळ्यांनी 'तू परी हो' म्हणल्यावर तिनं एकाला गुद्दा घातला आणि ती हल्क झाली, त्यावर परत कुणी चर्चा केली नाही. बी विंगचा एक पोरगा आहे, लिफ्टमध्ये सगळी बटणं दाबून उतरतो तो, तो न विचारता जोकर झाला. मग व्हिलन आलाच की, म्हणलं, संपला विषय. तर नाही. जोकरला हे लोक रोजच मारतात, त्यात काय मजा काका, म्हणून यावेळी असा व्हिलन पाहिजे की जोकरला पण हिरोंच्या टीममध्ये यावं लागंल. म्हणजे कोण? मरणाचा देव! सूड घ्यायला आलेला!

राहिला होता तळमजल्यावरचा पाच वर्षांचा पोरगा. मिशी मिळणार म्हणल्यावर तो यम व्हायला तयार झाला.

हे सगळं आमच्या हॉलमध्ये चाललेलं आणि आई आत डाळ निवडत ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "यम सूड घेत नसतो. यादी चित्रगुप्त काढतो, हा बिचारा नुसता वसुलीला जातो, आमच्या ह्याच्यासारखा."

ह्याच्यासारखा म्हणजे माझ्यासारखा, मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे. गेली अठरा वर्षं लोकांच्या दारात उभा राहतोय, त्यामुळं खरं सांगतो, त्या दिवसापासून माझी सगळी सहानुभूती यमाकडं गेली. स्वतःचं काय भांडण नाही, कागद वरून आलाय, दारात गेलं की आधी पाणी देतात मग रडतात मग मुदत मागतात, आणि जाताना मागनं शिव्या. रेडा तरी बरा, माझ्या गाडीचा हप्ता अजून मलाच भरायचाय.

पण सूड कशाचा हा प्रश्न उरलाच, आणि तो सोडवला जोकरनं. "आजी, तुम्हीच सांगितलेलं की, सावित्रीनं त्याला गंडवलं!" आई म्हणाली, गंडवलं नाही रे, शंभर पुत्रांचा वर मागितला, त्यानं न विचार करता देऊन टाकला, मग नवरा परत करावाच लागला. "म्हणजे गंडवलंच की ओ." मग आईच पेटली. नचिकेत तीन रात्री याच्या दारात उपाशी बसला, हा घरी नव्हता, आल्यावर शरमून तीन वर द्यावे लागले. मार्कंडेयाला न्यायला गेला तर शंकरानं लाथ घातली. तीन केसेस, तिन्हीत वसुली शून्य, वर मार. माझ्या ब्रांचला असं झालं असतं तर मी पण सूडाला पेटलो असतो. मोटिव्ह फिक्स झालं.

सुपरमॅन म्हणाला मला यमाची भीती वाटत नाही, सुपरमॅन १९९२ ला मेलेला आणि वर्षाच्या आत परत आला. आई म्हणाली, चित्रगुप्ताची चूक झाली असंल, एकसारखी नावं असतात. आणि थॅनॉस म्हणून जो कोण आहे त्याचं कॉमिकमध्ये साक्षात मृत्यूवरच प्रेम आहे हे पोरांकडनं कळल्यावर तिनं चष्मा काढून ठेवला, एवढंच बोलली, "त्याच्या आईला किती घोर असंल."

तालमी पावसात झाल्या. ऑगस्टमध्ये सांगलीत माणूस दोनच गोष्टी विचारतो, कोयना धरणातून पाणी किती सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. मोठ्यांना २०१९ चा महापूर आठवतो, पाणी ५७ फुटांवर गेलेलं, पोटात गोळा येतो. पोरांचा हिशोब सोपा, ४० झालं की शाळेला सुट्टी.

तालमी कशा झाल्या ते विचारू नका. यमाला मी एकच गोष्ट शिकवली, एंट्रीला "अलल डुर्रर्र" अशी आरोळी, जुन्या नाटकात राक्षस अशीच मारत यायचे. पुढं बोलायचं होतं "मी सूड घेणार", पण आजीनं त्याला हळूच "माग वर!" शिकवून ठेवलेलं आणि त्याला तेच आवडलं.

कपडे भाड्यानं आणले. हल्कचा हिरवा रंग दुकानात संपलेला. बायको म्हणाली आता काय करायचं, मी माहिती काढून ठेवलेली की १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडाच होता, छपाईत करडा नीट उतरेना म्हणून पुढं हिरवा केला, तर आपण पण करडा करू. हल्कच्या आईनं नुसतं बघितलं माझ्याकडं. शेवटी सांगलीची हळद आणि निळा रंग कालवून हिरवा केला, पोरगी नंतर आठवडाभर हळदी लागल्यागत फिरत होती.

प्रयोगाचा दिवस. सगळ्या सुपरहिरोंचे कपडे एका पीसमध्ये असतात, पायापासून गळ्यापर्यंत, आणि चेन पाठीला. हे ज्यानं डिझाईन केलं त्याला पोरं नसणार. त्यात एका काकूंनी पोरांचा घसा कोरडा पडू नये म्हणून प्रत्येकी दोन-दोन ग्लास लिंबू सरबत पाजलेलं. पडदा उघडायला दोन मिनिटं असताना सुपरमॅन माझा शर्ट ओढून कानात म्हणाला, "काका, शू." मी म्हणलं दाबून धर. तर बॅटमॅनला पण. मग स्पायडरमॅनला पण, त्याला तर मास्कमधनं बोलता येईना, नुसता उड्या मारालेला, मला वाटलं रोलमध्ये घुसलाय. हल्क बोलली नाही, सरळ चालत घरी गेली.

मी बॅटमॅनच्या चेनला लटकलेलो, चेन केपमध्ये अडकलेली, सुपरमॅनची आई पिन शोधतीय, आणि तेवढ्यात कुणा शहाण्यानं पडदा उघडला.

स्टेजवर यम आणि जोकर. जोकर साध्या कपड्यात होता, वडिलांचा जुना कोट आणि तोंडाला लिपस्टिक, त्यामुळं जगाला वाचवायला तेवढाच मोकळा. यमानं "अलल डुर्रर्र" केलं, इतक्या जोरात की मिशी एका बाजूनं सुटली. टाळ्या. मग शांतता. पुढचं वाक्य सुपरमॅनचं होतं आणि सुपरमॅन तळमजल्याच्या बाथरूममध्ये.

जोकर यमाकडं बघतोय, यम मिशी धरून जोकरकडं. पहिल्या रांगेत आई अस्वस्थ झालेली मला विंगेतनं दिसत होती. मग यमाला आपलं आवडतं वाक्य आठवलं. गदा आपटून तो ओरडला, "माग वर!"

(यमाच्या हातात खरं तर दंड असतो, पण भाड्यात गदाच फ्री होती.)

जोकरनं एक सेकंद विचार केला. वर्गात कधी केला नसंल एवढा. आणि माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाला, "उद्या आयर्विनला चाळीस फूट होऊ दे."

अख्खा मांडव गप्प. पंखे फिरालेत तेवढाच आवाज. मागं तळमजल्यावरची सगळी कुटुंबं बसलेली, कपाटावर कपाट चढवून घर सोडलेली माणसं ही. यमानं हात वर केला, तोंड उघडलं, "त..."

"ए! तथास्तु म्हणायचं नाही!" आई खुर्चीवरनं उठून ओरडली. तिच्यामागं यमाची आई, तिच्यामागं सेक्रेटरी काका, "अरे नको नको, दुसरा काहीतरी माग!" सत्तर-ऐंशी माणसं एका पाच वर्षांच्या पोरापुढं हात जोडून उभी. यम घाबरला, त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. जोकरला काय वाटलं काय माहीत, त्यानं पटकन पुढं होऊन यमाची मिशी दाबून बसवली आणि म्हणाला, "बरं, राहू दे. खिचडी दे."

"तथास्तु," यम म्हणाला.

हशा फुटला तेव्हाच चार सुपरहिरो एकदम आत आले, चेनी उघड्या, बनियन बाहेर, आणि यमावर तुटून पडले. तर जोकर मध्ये आडवा. "ए, आता नाही मारायचं त्याला!" हल्कनं तरी एक दिलाच, पण तो जोकरला, ते जुनं काहीतरी असणार. पडदा पाडला.

रात्री खिचडी वाटताना यमाला पहिली प्लेट मिळाली. आई देवापुढं जरा जास्त वेळ बसलेली दिसली, मी काय विचारलं नाही.

सकाळी सहालाच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. आयर्विन १६ फूट, उतरता. खाली सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी, आणि मध्येच एक रडका, बी विंगमधून. नंबर जोकरच्या वडिलांचा होता, पण वडील त्या वेळी खाली माझ्याबरोबर मांडवाच्या खुर्च्या मोजत होते.