होय, मी धावले आहे : 'ट्रॅकप्रेमी' यांना उत्तर

ट्रॅकप्रेमी, चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोखविलोव्हाच्या ८०० मीटरच्या जागतिक विक्रमामागे उत्तेजकं असावीत, असा संशय मी लेखात घेतला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तिसऱ्यांदा तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, सोड. पण 'आधी स्वतः दोन फेऱ्या धावून बघा, मग यार्मिला क्रातोखविलोव्हावर चिखल उडवा' हे वाक्य काही सोडवेना.

तर ऐका. आठवी ते बारावी मी ८०० मीटरच धावले, ठाण्यात, मातीच्या मैदानावर. फक्कीच्या रेघा पावसाने पुसल्या की आम्हीच पुन्हा मारायचो. माझी सर्वोत्तम वेळ २ मिनिटं ३१ सेकंद. पहिली फेरी ६९ ची, दुसरी ८२ ची. हा तेरा सेकंदांचा फरक काय असतो ते तुम्हाला माहीत आहे? शेवटच्या दीडशे मीटरला मांड्यांचं लाकूड होतं, कानात फक्त स्वतःचा श्वास. सरांचं घड्याळ दिसत असतं, पण जवळ येत नाही. एकदा तर रेघ ओलांडून मी थेट सरांच्या बुटांवर ओकले. क्रातोखविलोव्हाने २६ जुलै १९८३ ला म्युनिकमध्ये १:५३.२८ वेळ दिली, म्हणजे सरासरी ५६.६४ ची एक फेरी, अशा दोन. मला तसली एकही कधी जमली नाही. म्हणून संशयाने लिहिते, खुर्चीत बसून नव्हे. केनियाची पामेला जेलिमो २००८ मध्ये १:५४.०१ पर्यंत आली, आणि तिथेच अडली.

एक चूक मान्य. १५०० मीटरचा चीनच्या च्यू युनशियाचा १९९३ चा विक्रम केनियाच्या फेथ किपयेगॉनने मोडला असं मी लिहिलं होतं. तो २०१५ मध्ये मोनॅकोला इथिओपियाच्या गेन्झेबे दिबाबाने मोडला. किपयेगॉनने २०२३ मध्ये दिबाबाचा मोडला. लेखात दुरुस्ती केली आहे. खूश?

बाकी क्रातोखविलोव्हाबद्दलचं 'ती एकाही उत्तेजक चाचणीत दोषी सापडली नाही, मग पुरावा काय' वगैरे. ते लेखातच होतं, सातव्या परिच्छेदात. तिथवर पोचला असतात तर. सरावाच्या दिवसांत अचानक दारात येऊन नमुना घ्यायची पद्धत तेव्हा कितीशी होती, एवढंच विचारते. त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि 'ताई, भावनेच्या भरात लिहिता' हे तुम्ही एखाद्या पुरुषाला लिहिलं असतंत का?

रविवारी सकाळी सहाला मी उपवन तलावावर असते. आता चालते फक्त, गुडघा. या. टोपणनाव मात्र घरी ठेवून या.