पैसे देऊन ओंडके पाहिले, त्याबद्दल

अंबाजोगाईच्या दादांना नमस्कार.

होहचं जंगल आणि रियाल्टोचा किनारा या माझ्या लेखावर तुम्ही सडकून लिहिलंत. मूळ लेखापेक्षा तुमची प्रतिक्रियाच जास्त लोकांनी वाचलेली दिसते. खाली दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ती उडवाउडवी झाली असती, म्हणून सवडीने लिहिते आहे. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच: लेकीकडे सिअ‍ॅटलला गेलो होतो, तेव्हा आम्ही दोघं अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ऑलिम्पिक नॅशनल पार्कात, फोर्क्स नावाच्या लहानशा गावातून गाइडबरोबर अर्ध्या दिवसाची सहल करून आलो. भल्या सकाळी समुद्र, मग जंगल, आणि जेवायच्या वेळेला परत.

तुमचं म्हणणं असं, की अर्ध्या दिवसात जंगलही कळत नाही आणि समुद्रही. एक ना धड भाराभर चिंध्या. रस्ता डांबरी, पाट्या जागोजागी, मग गाइडला डॉलर कशाला मोजायचे? वर्षाला १४० इंच पाऊस पडला तर खडकावरसुद्धा रान माजेल, त्यात कौतुक कसलं? किनारा म्हणून जो फोटो टाकला त्यात नुसती लाकडं पडलीत, कुणी उचललेलीही नाहीत; त्यापेक्षा कोकण काय वाईट? आणि ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथली बाई पैसे देऊन पावसात भिजायला जाते याची तुम्हाला लाज वाटली.

शेवटचं आधी घेते. भिजलो नाही हो! जूनमध्ये गेलो होतो, एक थेंब पडला नाही. तिकडचा पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल. आपल्याकडे मृग लागतो तेव्हा त्यांची उघडीप सुरू होते. लेकीने बॅगेत कोंबलेले रेनकोट घडी न मोडता परत आले. राहिली २०१६ ची गोष्ट. मिरजेहून पाण्याची गाडी आली तेव्हा आम्ही लातुरातच होतो. मांजरा धरणाने तळ गाठलेला, नळ कोरडे, टँकरचा आवाज आला की रात्री-बेरात्री कळशा घेऊन पळायचं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि या सहलीतही नाही. उलट ते दिवस काढलेत म्हणूनच तिथे जे बघितलं ते डोक्यात शिरलं.

होहच्या फाटकापाशी गाड्यांची रांग होती. उन्हाळ्यात तिथलं पार्किंग सकाळीच भरतं आणि मग एक गाडी बाहेर आली की एक आत सोडतात. आमच्या गाइड बाईने इंजिन बंद केलं आणि काचेवर वाफ धरली होती तिच्यावर बोटाने डोंगर काढला. डाव्या अंगाला समुद्र, मध्ये जवळपास आठ हजार फुटांचा माउंट ऑलिम्पस, उजवीकडे सिक्विम नावाचं गाव. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडतात, वर चढता चढता गार पडतात आणि बहुतेक पाणी अलीकडेच रिकामं करतात. म्हणून होहला ३,५०० मिलिमीटर, आणि सरळ रेषेत ७० किलोमीटरही लांब नसलेल्या सिक्विमला ४०० च्या आसपास. आमचे हे मागच्या सीटवरून म्हणाले, "म्हणजे हे आष्टी-पाटोदाच की." बीडचे ते दुष्काळी तालुके, अगदी तेच. सह्याद्री आपल्याला जे करतो तेच तो डोंगर सिक्विमला करतो. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या घरात आहे, म्हणजे सिक्विम आपल्याहून कोरडं. तिथली हवा थंड, ओल टिकते, हा फरक आहेच. त्या गावाने १८९५ साली डंजनेस नदीचं पाणी पाट खोदून शेतात आणलं आणि १८९६ पासून त्या पाण्याच्या नावाने तिथे जत्रा भरते. सिंचनाची जत्रा! आपल्याकडे पाटाला पाणी सुटलं की पाळीवरून डोकी फुटतात, जत्रा भरलेली काही ऐकिवात नाही.

हे पाटीवर नव्हतं, दादा. असेलही कुठे तरी, पण आम्ही दोघंच गेलो असतो तर त्या रांगेत मोबाइल बघत बसलो असतो.

पाऊस आहे म्हणून जंगल आहे, हे तुमचं वाक्य खरं, पण निम्मंच. आंबोलीला होहच्या जवळजवळ दुप्पट पाऊस होतो. तो बहुतेक चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. होहला सात-आठ महिने रिपरिप चालते, उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं आत शिरतं, आणि मुख्य म्हणजे आलेलं पाणी धरून ठेवणारं तिथे जागोजागी काही ना काही असतं. हॉल ऑफ मॉसेस म्हणून सव्वा-दीड किलोमीटरची पायवाट आहे. तिथे बिगलीफ मेपलच्या फांद्यांवरून शेवाळ हात-हात लांब लोंबतं. फोटोत ते बघून तुम्ही लिहिलंत की झाडांना बांडगूळ लागलंय. बांडगूळ झाडाचा रस ओढतं, हे शेवाळ ओढत नाही. पावसातून, धुक्यातून, वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीतून जे मिळेल त्यावर ते भागवतं. मोडून वाटेच्या कडेला पडलेल्या एका फांदीवर गाइडने आम्हाला नुसता तळहात टेकवायला सांगितला. वरून कोरडं वाटणारं शेवाळ, पण जरा दाबलं की बोटांच्या फटीतून गार पाणी वर आलं. गेले कित्येक दिवस पाऊस नव्हता म्हणे.

याच जंगलात दोर बांधून झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढून अभ्यास केलेल्या एक शास्त्रज्ञ बाई आहेत, नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून तिकडे गेलेले. मेपलवरचं शेवाळ आणि त्यासोबतची इतर वनस्पती यांचं वजन झाडाच्या स्वतःच्या पानांच्या चौपट भरतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९८१ साली त्यांनी आणखी एक गोष्ट जगापुढे मांडली: त्या शेवाळाच्या थराखाली कुजून माती तयार होते आणि मेपल आपल्याच फांदीतून मुळं फोडून ती माती खातो. जमिनीपासून कितीतरी वर, हवेत! तोवर सगळे खालूनच बघत होते, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता ही फांदी आम्हाला आमची आम्ही दिसली असती का, ते तुम्हीच सांगा.

आता लाकडं. हा तुमचा सगळ्यात मोठा राग आणि माझ्या मते सहलीचा गाभाही तोच.

होहमध्ये अडीचशे फुटांच्या वर गेलेले सिटका स्प्रूस आहेत. असा एखादा पडला की वाटेवर आडवा आलेला तेवढाच तुकडा कापतात, बाकी पडला तिथेच राहू देतात. आपल्या उष्ण हवेत पडलेलं खोड वाळवी बघता बघता संपवते. तिथे ते शेकडो वर्षं कुजत राहतं. खाली जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची एवढी दाटी, की वरून पडलेल्या बीला उजेड मिळत नाही. तेच बी आडव्या खोडावर पडलं तर तगतं. गाइडने गुडघे टेकून एका खोडावरची रोपं दाखवली: करंगळीएवढी हेमलॉकची पिल्लं, एका वितीत आठ-दहा तरी असतील, प्रत्येकाची मुळं सालीच्या भेगांत. त्यातली बहुतेक मरतात. उरतात त्यांची मुळं खोडाच्या दोन्ही अंगांनी खाली उतरून जमीन गाठतात. पुढे मधलं खोड कुजून नाहीसं होतं आणि मोठाले वृक्ष पंगतीला बसल्यासारखे एका ओळीत उभे राहतात, बुंध्याखाली पोकळी ठेवून. त्या पोकळीत यांनी खांद्यापर्यंत हात घालून पाहिला, मी ओरडेपर्यंत. तिथल्या पिवळ्या गोगलगायी वितीएवढ्या असतात, शंख नसलेल्या. हाताला काय लागेल सांगता येत नाही.

यातलीच काही झाडं नदीकाठी असतात. हिवाळ्यात पूर आला की काठ ढासळतो, झाड मुळांसकट पात्रात येतं. काही तिथेच अडकतं, त्याच्या आडोशाला डोह तयार होतो, डोहात सालमन माशांची पिल्लं वाढतात. उरलेली झाडं वाहत समुद्रात जातात, आणि वादळात समुद्र ती परत किनाऱ्यावर भिरकावतो. रियाल्टोवर पडलेले ओंडके ते हे. उन्हा-मिठाने पांढरे पडलेले, काहींचा मुळांचा गड्डा माझ्या डोक्याच्या वर. एकाच्या भेगेत लाटांनी काळे गुळगुळीत खडे असे ठासून बसवले होते, की नखाने निघेनात. तुम्हाला तो कचरा वाटला. तो कचरा उचलला तर मागची वाळू लाटांना उघडी पडेल. भरतीच्या वेळी लाट हे ओंडके सहज उचलते आणि मधे माणूस सापडला तर तो चिरडून मरतो. तशा धोक्याच्या पाट्या लावल्या आहेत. म्हणून सहलीची वेळ ओहोटी बघून ठरते. तुमच्या ‘अर्धाच दिवस का?’चं निम्मं उत्तर तिथे आहे: समुद्र तेवढाच वेळ देतो.

जंगल आणि किनारा एकाच सकाळी का दाखवतात, याचं उत्तरही त्या ओंडक्यांत आहे. याच पार्काच्या उत्तरेला एल्व्हा नदीवर विजेसाठी दोन धरणं बांधली होती, १९१३ आणि १९२७ सालची. वाळू, गाळ, लाकूड सगळं मागे अडकलं, सालमन वर जाईनात, आणि तिकडे नदीच्या मुखाशी किनारा खचत गेला. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं पाडली. गाळ सुटला आणि मुखाशी नवी वाळू साठून किनारा पुन्हा वाढला. मांजरा आणि जायकवाडीच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला धरण पाडल्याची गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. माझ्याही उतरली नाही, परतीच्या वाटेवर मी गाइडशी हुज्जत घातली. पण जंगल आणि समुद्र ही दोन वेगळी प्रेक्षणीय स्थळं नाहीत, एवढं मात्र कबूल करावं लागलं.

कोकणाबद्दल मी काही बोलणार नाही. गुहागर मला आवडतं, तिथे सोलकढी मिळते. रियाल्टोवर चहाची टपरीसुद्धा नाही, कारण १९५३ सालापासून किनाऱ्याची ती पट्टी पार्कात आहे.

एक गोष्ट मात्र मी लेखात लिहिली नव्हती, ती तुमच्या निमित्ताने लिहिते. रियाल्टोवरून नदीच्या पलीकडे ला पुश दिसतं, क्विल्यूट या मूळच्या लोकांचं गाव, अगदी लाटांच्या तोंडाशी. समुद्राखाली तिथे मोठी भेग आहे. १७०० सालच्या जानेवारीत तिने दिलेल्या भूकंपाच्या धक्क्याची लाट थेट जपानपर्यंत गेली आणि तिथल्या जुन्या दप्तरांत तिची नोंद सापडते. तसा धक्का पुन्हा बसणार हे धरून, २०१२ साली कायदा करून पार्काची उंचावरची जमीन त्या लोकांना दिली. शाळा आधी वर नेली, २०२२ मध्ये. गाइड हे सहज सांगत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. १९९३ ची ३० सप्टेंबरची पहाट लातूरच्या माणसाला कुणी आठवून द्यावी लागत नाही. किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यातली कितीतरी गावं हलली, पण माणसं ढिगाऱ्याखाली गेल्यावर. मी तिला विचारलं, म्हातारे तयार होतात का वर जायला? ती म्हणाली, तो प्रश्न तिथल्यांना विचारायचा, मी बाहेरची. हे उत्तर मला फार आवडलं. गाइड म्हणून पैसे घेणारी बाई जिथे गप्प बसायचं तिथे बसली.

सगळं पाहिलं असा माझा दावा नाही. किनाऱ्यावरून होल-इन-द-वॉलच्या खडकापर्यंत गेलो नाही. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर गोट्यांवरून चालायचं आणि यांचे गुडघे तेवढे धड नाहीत. एल्क नावाची तिथली मोठी हरणंही दिसली नाहीत, नुसत्या लेंड्या दिसल्या. तीन दिवस राहून स्वतः हिंडणाऱ्याला ते सगळं दिसेल. त्याने जरूर हिंडावं. पण ज्याच्याकडे एकच सकाळ आहे त्याने ती जाणत्या माणसाच्या हाती द्यावी, या मतावर मी ठाम आहे. पैसे चालण्याचे नव्हते, थांबवण्याचे होते.

आणि गंमत बघा. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय, की एवढी हौस असेल तर किनवटला या, माझे मेहुणे वनखात्यातून निवृत्त झालेत, ते पैनगंगेकाठचं सागाचं जंगल फुकट फिरवतील. म्हणजे गाइड तुम्हालाही हवाच आहे. भांडण फक्त डॉलरचं. निमंत्रण मी खरंच घेतलंय. दिवाळीनंतर चालेल का ते मेहुण्यांना विचारून कळवा, आणि सकाळी लवकर निघायचं ठरवा, दुपारपर्यंत परत येता आलं पाहिजे. यांचे गुडघे तिथेही आमच्यासोबतच असतील.