होऊ घातलेल्या महासत्ताधीशांस

महासत्ता होण्यासाठी आपणांस सल्ल्याची फारशी गरज पडू नये; तेथे नशीब आणि सोयरीक पुरते. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर 1661 च्या करारात मुंबई आंदण मिळाली आणि 1668 मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकली. (पागडीवर राहणाऱ्या गिरगावकरांना या भाड्याचे नवल वाटणार नाही.) खरे कौशल्य लागते ते उतरणीला, आणि ती रुबाबात पार पाडायची असेल तर पूर्वसुरींचा कित्ता गिरवणेच श्रेयस्कर.

आरंभी एक भव्य प्रवेशद्वार बांधायला घ्यावे. पाहुणे येऊन गेल्यावर घेतले तरी चालते. पाचवे जॉर्ज डिसेंबर 1911 मध्ये अपोलो बंदरावर उतरले, त्या आगमनाच्या स्मरणार्थ गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी 1913 मध्ये झाली आणि कमान पुरी व्हायला 1924 साल उजाडले. 28 फेब्रुवारी 1948 रोजी अखेरची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून संचलन करीत रवाना झाली. तेव्हा आराखडा मंजूर करताना येणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांची सोय आधी पाहावी.

त्यानंतर कर्ज काढावे, आणि तिजोरी भरलेली दिसत असताना काढावे. दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणींतली चांदी जहाजे भरभरून येत असतानाच स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने 1557, 1575 आणि 1596 मध्ये सावकारांपुढे हात वर केले होते. शक्य झाल्यास सावकार मित्रांपैकीच असावा, म्हणजे अपमान घरातल्या घरात होतो. 1946 मध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून 375 कोटी डॉलर घेतले. दहा वर्षांनी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनने फ्रान्स आणि इस्रायलला हाताशी धरून जुन्या थाटात सैन्य धाडले. परंतु पौंड घसरू लागला, गंगाजळी आटू लागली आणि सैन्य मागे घेतल्याखेरीज नाणेनिधीकडून मदत मिळू देणार नाही, असे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या प्रशासनाने बजावले. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात युद्धविराम झाला आणि जानेवारी 1957 मध्ये पंतप्रधान ईडन प्रकृतीचे कारण देऊन पायउतार झाले. गोळीपेक्षा हप्ता अधिक लांबवर मारा करतो, हे त्या मित्राने फार सौजन्याने शिकवले. 1946 च्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने 2006 च्या डिसेंबरात फेडला. शिकवणाऱ्या अमेरिकेच्या डोक्यावर आता 36 लाख कोटी डॉलरहून अधिक सरकारी कर्ज आहे. तिला आपल्या सल्ल्याची गरज नाही.

मध्यंतरी अफगाणिस्तानला जाऊन यावे. सोव्हिएत फौजा 1979 मध्ये गेल्या, 1989 मध्ये परतल्या आणि 1991 अखेर त्यांचे राष्ट्रच उरले नाही; अमेरिकेने 2001 ते 2021 अशी वीस वर्षे सवडीने काढली. आधीच्या पाहुण्याचा अनुभव विचारू नये, तो औचित्यभंग ठरतो.

पुतळ्यांच्या बाबतीत मात्र दूरदृष्टी ठेवावी. ब्रिटिश युवराज एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये फोर्टातून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. पण चौकाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले आणि 2017 मध्ये तेथे पुन्हा घोडा उभारला गेला तोही स्वाराविना. म्हणून शिल्पकाराला आगाऊ रक्कम देताना घोड्यावर हात सैल सोडावा आणि खोगिरावरील आकृतीत काटकसर करावी.