आवाज बसला, कुत्रा नाही

बागेच्या फाटकाशी काल मी आठ वेळा ‘बस’ म्हटलं. शेवटी माझा आवाज बसला. बंड्या उभाच.

तेवढ्यात बाकावरचे एक काका उठून आले. आपण कधी कुत्रं पाळलेलं नाही, हे त्यांनी आधी अभिमानानं सांगितलं आणि मग सल्ला सुरू केला. “तुम्हाला तो मोजतच नाही. कळपाचा म्होरक्या कोण ते दाखवा. दारातून आधी तुम्ही. जेवायला आधी तुम्ही. शेवटी लांडगाच तो!” लांडगा शेपूट हलवत त्यांच्या चपलेचा वास घेत होता.

म्होरक्याची ही कल्पना १९४७ साली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून मांडली. पुढे ती पसरवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी स्वतःच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. पण हे मी बोलले नाही. आठ ‘बस’ वाया घालवलेल्या बाईनं सन सांगू नयेत.

“आधी तुम्ही, मग तो!” हे ठसवायला काकांनी बोट बंड्याच्या नाकासमोरून वर नेलं. मुंडी बोटामागे वर गेली आणि बूड आपसूक खाली टेकलं. “बघा! एकदाच सांगितलं!” अहो, तुम्ही ‘बस’ म्हणालाच नाहीत!

ही तर पहिल्या दिवशीची रीत. मटारच्या दाण्याएवढा खाऊ नाकाशी धरून डोक्यावरून मागे न्यायचा. हात फार उंच गेला तर उडी मारतो. बूड टेकताक्षणी शाब्बास आणि खाऊ. जरा उशीर झाला तर तो उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. शब्द एकदाच. नाहीतर तो पहिल्या सात ‘बस’ सोडून आठवीची वाट बघायला शिकतो. शिवाय घरात पक्कं झालेलं बागेत विरतं. तिथं पुन्हा पहिल्यापासून, तीन ते पाच मिनिटंच.

मांजरवाल्यांना बरं कुणी असं गाठत नाही!

खरी गोम माझ्या हातात आहे. समोरून दुसरं कुत्रं दिसलं की मी घाबरून पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन आवळते. बंड्याचा हिशेब साधा: ते आलं की मान आवळते. म्हणून तो भुंकतो, म्हणून मी आणखी आवळते. उपाय अंतराचा. तो बघतो पण खाऊही घेतो, तिथंच थांबायचं. खाऊ नाकारला की आपण फार जवळ आलो. पट्टा झोळीसारखा लोंबता हवा. हे सगळं मला पाठ आहे. मनगटाला नाही.

आज काका बाकावर तिघांना सांगत होते, “एका बोटात बसवला.” बंड्यानं त्यांना लांबूनच पाहिलं आणि बसला. खाऊ माझ्या खिशात होता.