बसत नाही तर 'बसतो' म्हणून विकता कशाला?

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारा पॅन (आपल्याकडचे गॅरेजवाले चेंबर म्हणतात तो) मागवला. खोक्यावर ठळक छापलंय: शेवरोले स्मॉल ब्लॉक, 1955 ते 1979, डायरेक्ट फिट. म्हणजे त्या वर्षांतल्या शेवरोलेच्या 'स्मॉल ब्लॉक' इंजिनाला काही न बदलता थेट बसतो. धडधडीत खोटं आहे हे. छापणाऱ्यांनाही ते खोटं असल्याचं पक्कं ठाऊक आहे, म्हणून डोकं जास्त फिरतं.

या सगळ्या वर्षांत पॅन एकसारखा राहिलेलाच नाही. 1974 पर्यंत पुढचं, टायमिंग कव्हरखालचं (इंजिनाच्या पुढच्या झाकणाखालचं) सील पातळ होतं, 1975 पासून जाड झालं. फरक एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा. पॅनच्या पुढच्या अर्धगोलाची त्रिज्या मोजली की पातळ सीलवाल्याची सव्वादोन इंच भरते आणि जाड सीलवाल्याची त्याहून एक सूत जास्त. म्हणजे तुमच्या त्या '1955 ते 1979'च्या पोटातच दोन वेगवेगळे पॅन आहेत! कुठला पाठवलाय ते खोक्यावर नाही, कागदावर नाही, वेबसाइटवर नाही. मला आलेला पॅन पातळ सीलचा आणि सोबतचं पॅकिंग जाड सीलचं. एकाच खोक्यात! बोल्ट आवळत गेलो तर पॅन पुढून उचललेलाच राहतो.

बरं, हे काही कुणाच्या अंगणात बनलेलं दुर्मीळ इंजिन नाही. 2011 मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक बनवलं. इथे मिशिगनमध्ये तर या इंजिनाची मापं लोकांना तोंडपाठ असतात. ज्याचा नट न् नट कागदावर आहे त्याच्यासाठी पत्र्याचा एक पॅन नीट ठोकता येत नसेल तर हा धंदा करू नका.

माझी गाडी 1970 ची शेवरोले मालिबू, इंजिन 350 घनइंचांचं. आधीच्या मालकाने ती हिवाळ्यातही चालवली, त्यामुळे बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पॅन खालून कुजला होता. बदलायचाच आहे तर जरा खोल, आत बॅफल (तेल अडवणारी पट्टी) असलेला घेऊ, असं ठरवलं. मुळात फिल्टर धरून पाच क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटर तेल. जोरात वळण घेतलं की ते एका अंगाला पळतं, पिकअप (पंपासाठी तेल ओढणारी जाळीची नळी) उघडा पडून हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि बेअरिंगं जातात. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले. चमक दाखवायला नाही.

पण मिळाली चमकच. तोंड दिसेल असा क्रोम आणि कडेची पट्टी वाकडी. पॅकिंग बसतं त्या कडेवर सरळ पट्टी धरून मागून बॅटरी मारली, तर दोन भोकांच्या मधून चक्क उजेड आरपार येतोय. आतून वेल्डिंगचे बारीक मणी तसेच चिकटलेले, नखाने खरवडले तर निघतात! हे मणी तेलातून पंपात गेले असते तर? कोपऱ्यातल्या पाच-षोडशांश इंची बोल्टांची भोकं सरकलेली, ती कानशीने लांबवायची. ड्रेन प्लगचे आटे असे, की हाताने दोन फेरे फिरवले की अडकतो.

आणि एकदा बसवून पाहायचं म्हणजे काय काय करावं लागतं, याची या लोकांना कल्पना तरी आहे का? या गाडीत इंजिन जागेवर ठेवून पॅन काढायचा तर इंजिन माउंटचे बोल्ट सोडा, पंख्याभोवतीचं आवरण, श्राउड, सैल करा, डिस्ट्रिब्युटर मागे फायरवॉलला घासतो म्हणून त्याची कॅप काढा, फ्लायव्हीलपुढचं कव्हर काढा, मग जॅकने इंजिन उचलून खाली लाकडाचे ठोकळे सरकवा. त्यानंतर क्रँक फिरवून त्याचं पुढचं वजन आडवं येणार नाही असं आणायचं, तेव्हा कुठे पॅन आत सरकतो. दर वेळी कुठेतरी अडतो, की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाठीवर पडून, डोळ्यांत जुनं तेल ठिबकत.

कडा कशीबशी सरळ केली तर पॅनचा बाहेर काढलेला फुगा स्टार्टरला टेकला. जास्त तेल मावावं म्हणून तो फुगा. पण मूळ आकाराचा स्टार्टर तिथे मावतच नाही, छोटा घ्यावा लागतो. हे खोक्यावर लिहायला किती शाई लागते? पिकअपची तीच तऱ्हा. त्याची जाळी आणि पॅनचा तळ यांत साधारण तीन सूत जागा हवी. कमी पडली तर तेल ओढलं जात नाही, जास्त झाली तर वळणावर हवा. मातीचा गोळा ठेवून, पॅन दाबून माप घेतलं, तर माझ्या पिकअपपासून तळ कुठल्या कुठे खाली. मग कळतं, की या पॅनला त्यांचाच पिकअप लागतो. वेगळा. वेगळ्या पैशांत.

त्यात सल्ले देणारे. पुण्याहून मेव्हण्याचा फोन, "दादा, सिलिकॉन फासून टाका ना भरपूर, कोण बघतंय!" बाबा रे, बाहेर येतं तेवढंच आतही दाबलं जातं. तो रबरासारखा शेव तेलात सुटून पिकअपच्या जाळीवर बसला की इंजिन गेलं. सिलिकॉन लावायचं ते चार कोपऱ्यांत, जिथे सील आणि पॅकिंग भेटतात, तेही बोटभर. वाकड्या पत्र्याचं औषध नाही ते. पण कंपन्यांनी लोकांना हीच सवय लावली आहे: बसत नाही? फास. गळतंय? अजून फास. जुन्या गाड्या म्हणजे गळणारच, हे आपणही मुकाट्याने मान्य करून बसलोय. का मान्य करायचं? हाच जुना कुजलेला पॅन कुजेपर्यंत थेंबभर गळत नव्हता!

कंपनीला फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणते, "सर, किरकोळ बदल करावे लागू शकतात, असं माहितीपत्रकात लिहिलंय." कानस मारणं, पट्टी ठोकून सरळ करणं, नवा स्टार्टर, नवा पिकअप, हे किरकोळ? मग परत घ्या म्हटलं. तर बसवलेला किंवा बदल केलेला माल परत घेत नाहीत.

पुढचं सील कुठलं, स्टार्टर कुठला चालेल, पिकअप किती खोल, एवढं खोक्यावर छापा. कडेला पट्टी लावून तपासल्याशिवाय पॅन कारखान्याबाहेर सोडू नका. आणि परतीची ती अट आधी काढून टाका. बसवून बघितल्याशिवाय बसत नाही हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?